पीआर मिळाली, पण कार्ड आलंय का?

आज कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलायचं नाही आणि शेळ्यांच्या लसीबद्दलही नाही. आज विषय परदेशाचा आहे. तुम्ही म्हणाल, गावात बसून आम्हाला परदेशाचं काय करायचंय? पण आम्ही सहयोगिनी गावोगाव बैठका घेतो, तेव्हा हल्ली एक गोष्ट सारखी दिसते. बचत जमा झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की एखादी ताई मोबाईल पुढं करते आणि म्हणते, "मॅडम, लेकीला कॅनडाची पीआर मिळाली. आता तिला भावाच्या लग्नाला बोलवायला हरकत नाही ना?"

ही लेक कुणी डॉक्टर-इंजिनिअरच असते असं नाही. तालुक्याच्या गावी नर्सिंग करून गेलेली असते, नवऱ्याबरोबर गेलेली असते, कर्ज काढून शिकायला गेलेली असते. आईनं तिच्यासाठी गटातून उचल घेतलेली असते. त्यामुळं तिच्या पीआरची बातमी म्हणजे गटातल्या दहाजणींची बातमी. पेढे वाटले जातात. आणि पेढ्यांबरोबर पहिला प्रश्न येतो, "कधी येतेय?"

तर पीआर म्हणजे काय, हे आधी सरळ समजून घेऊ. त्या देशात कायम राहण्याची, काम करण्याची परवानगी म्हणजे पीआर. नागरिकत्व नव्हे. लेक भारताचीच नागरिक राहते, तिचा पासपोर्ट भारताचाच राहतो. त्यामुळं भारतात यायला तिला व्हिसा लागत नाही. विमानाचं तिकीट काढलं की ती उद्या येऊ शकते. यायला कुणी अडवत नाही. अडचण आहे ती परत जाण्यात, आणि ती नेमकी नवी पीआर मिळालेल्या मुलींची आहे, ज्यांचं कार्ड अजून घरी आलेलं नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, बँकेनं गटाचं कर्ज मंजूर केलं, मंजुरीचं पत्र आलं, पण रक्कम अजून खात्यावर आलेली नाही. कर्ज खरंच मंजूर आहे, त्यात खोटं काही नाही. पण ते पत्र घेऊन दुकानात गेलात तर म्हैस कुणी देणार नाही. लेकीची पीआर अशीच. हक्क मिळालेला आहे, कागद मिळालाय, पण ज्या वस्तूवर विमानात बसता येतं ते कार्ड वाटेत आहे.

कॅनडाचा नियम असा आहे. पीआर मिळाली की एक कागद मिळतो, त्याला तिकडं सगळे सीओपीआर म्हणतात. पीआर झाल्याची खात्री करणारं ते पत्र. त्या पत्रावर तिकडं नोकरी करता येते, इतर सरकारी कामं होतात. पण ते प्रवासाचं कागदपत्र नाही. कॅनडाबाहेर गेलेल्या पीआर माणसाला विमानानं, रेल्वेनं, बसनं किंवा बोटीनं परत यायचं असेल, तर पीआर कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर त्यासाठी खास दिलेला प्रवासाचा कागद दाखवावा लागतो. त्या कागदाबद्दल पुढं सांगतो.

आता हे दाखवायचं कुठं? पुष्कळजणींना वाटतं, कॅनडात उतरल्यावर. "तिथं गेल्यावर साहेबाला समजावून सांगेल ती, इंग्रजी चांगलं आहे तिचं." पण बायांनो, ती तिथवर पोचतच नाही. तिचा कागद बघितला जातो आपल्या मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर, बॅगा जमा करायच्या काउंटरवर. कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, म्हणून काउंटरवरचा माणूस कार्ड मागणारच. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. कॅनडाचं दार आपल्या बाजूलाच सुरू होतं, हे लक्षात ठेवा.

आमच्या भागातल्या एका गटात हे घडलं आहे. मावशींची परवानगी घेऊन सांगतो, नाव-गाव सांगत नाही. लेक तिकडं वृद्धांच्या केंद्रात काम करते. फेब्रुवारीत पीआर झाली, भावाचं लग्न वैशाखात. ओळखीच्या कुणीतरी फोनवर सांगितलं, "पीआर झाली ना, मग बिनधास्त जा." ती आली. लग्न झकास झालं, हळदीला ती नाचली, सगळ्यांना बरं वाटलं. तीन आठवड्यांनी भाऊ आणि नवी वहिनी तिला सोडायला मुंबईला गेले. रात्री दोनच्या सुमाराला काउंटरवर कार्ड मागितलं. तिनं सीओपीआर दाखवला, मोबाईलमधला ईमेल दाखवला. नाही म्हणाले. पहाटे त्याच गाडीतून बॅगांसकट परत.

मग पुढचे कित्येक आठवडे ती गावात होती. तिकडं रजा संपली, खोलीचं भाडं चालू, कर्जाचा हप्ता चालू. आणि इकडं गाव काय म्हणालं? "हाकलून दिलं वाटतं." "काहीतरी भानगड असणार, त्याशिवाय का विमानातनं उतरवतात." पाण्याच्या टाकीपाशी, गिरणीत, अगदी आपल्या गटाच्या बैठकीतसुद्धा ही कुजबुज झाली. मावशी दोन बैठकांना आल्या नाहीत. मुलीनं एकही नियम मोडला नव्हता. तिची पीआर तेव्हाही शाबूत होती. फक्त विमानात बसायचा कागद नव्हता. कार्ड नाही म्हणून पीआर जात नाही, हे वाक्य आम्ही त्या गटात तीनदा सांगितलं, तेव्हा कुठं तोंडं बंद झाली.

ती परत गेली कशी? तर त्या खास कागदावर. त्याला पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट म्हणतात. त्याचा अर्ज कॅनडाच्या बाहेर असतानाच करता येतो. म्हणजे निघण्याआधी तो काढून पर्समध्ये ठेवता येत नाही. इथं आल्यावर अर्ज करायचा, फी ५० कॅनेडियन डॉलर, आपल्या तीन हजार रुपयांच्या आसपास. फोटो, पासपोर्ट, पीआर झाल्याचा पुरावा, कुठं किती दिवस राहिलात याची माहिती, असं सगळं द्यायचं. मंजूर झाला की पासपोर्टवर चिकटवून मिळतो. बहुतेक वेळा एकदाच जाण्यापुरता असतो. पैसे फार नाहीत, वेळ मात्र लागतो, आणि किती लागेल ते कुणी लिहून देत नाही. म्हणून अशा परिस्थितीत यायचंच असेल तर परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढायचं, आणि मालकाकडून रजा जास्तीची घ्यायची. पंधरा दिवसांची रजा घेऊन येणारीनं हा मार्ग धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काहीजणी विचारतात, जुना शिक्षणाचा नाहीतर कामाचा परमिट आहे की पासपोर्टमध्ये, त्यावर नाही का जाता येणार? पीआर झाली की ती आधीची तात्पुरती परवानगी मागं पडते. माणूस पीआर म्हणूनच परत जायला हवा. दुसरी एक वाट सांगतात, अमेरिकेत उतरून तिथून खासगी गाडीनं सीमा ओलांडायची. खासगी गाडीनं गेलं तर कार्डाशिवाय इतर कागदांवर पीआर माणसाला आत घेतात हे खरं आहे. पण आपल्या पासपोर्टवर अमेरिकेत उतरायला अमेरिकेचा व्हिसा हवा. तो किती जणींकडं असतो? आणि मध्येच दुसऱ्या देशाच्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही बघावं लागतं. काही देश कॅनडाचं कार्ड असलं तर सवलत देतात. कार्डच नसलं तर सवलत कसली?

आता कार्ड लवकर यावं म्हणून लेकीनं काय करायचं ते ऐका, आणि फोनवर तिला विचारा. पहिल्या कार्डाला वेगळा अर्ज लागत नाही. पण फोटो आणि कॅनडातला पत्ता द्यावा लागतो. पीआर झाल्यापासून १८० दिवसांत पत्ता दिला नाही, तर मग नव्यानं अर्ज आणि फी. कार्ड फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं, सरकार ते भारतात पाठवत नाही. या मुली खोल्या फार बदलतात. चौघी एका घरात, भाडं वाढलं की दुसरीकडं. पत्ता बदलला आणि कळवला नाही, की कार्ड जुन्या घराच्या पेटीत पडून राहतं. तेव्हा "जेवलीस का?" हे विचारून झालं की पुढचा प्रश्न, "पत्ता कळवलास का?"

काही घरं तर पहिल्यांदाच आठ-दहा दिवसांसाठी जातात, पीआरचा शिक्का घेतात आणि इथलं घर, शेती, नोकरी आवरायला परत येतात. त्यांनीही हे आधीच धरून चालायचं, की कार्ड तिकडच्या पत्त्यावर येणार आणि आपण इकडं असणार. तिकडची मैत्रीण कुरिअरनं पाठवेल, असं म्हणून तारीख ठरवू नये. कुरिअर हरवलं तर पुन्हा तोच प्रवासाच्या कागदाचा अर्ज. शिवाय कॅनडात ५ वर्षांत मिळून ७३० दिवस राहावं लागतं, तो हिशेबही चालूच असतो.

बाळंतपणाचं थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथं आपला रिवाज मध्ये येतो. पहिलं बाळंतपण माहेरी. आईला वाटतं, तिकडं थंडीत एकटी कशी करेल, डिंकाचे लाडू कोण करेल, बाळाला तेल कोण लावेल. सगळं बरोबर आहे. पण पीआर असलेल्या आईचं बाळ भारतात जन्मलं तर त्या बाळाला कॅनडाची पीआर आपोआप मिळत नाही. आई-वडील दोघंही फक्त पीआर असतील तर बाळ कॅनडाचं नागरिकही नसतं. बाळासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पीआर असलेली आई तो अर्ज कॅनडात राहूनच करू शकते. बाळाला बरोबर न्यायचं तर त्याच्यासाठी व्हिसा मागावा लागतो, तो मिळेलच असं नाही. म्हणजे कार्ड नसलेली आई, कागद नसलेलं बाळ, आणि दोघांची वेगवेगळी रांग. तेच बाळ कॅनडात जन्मलं तर जन्मापासून तिथलं नागरिक. तेव्हा लेकीला इकडं बोलवण्याऐवजी आईलाच व्हिजिटर व्हिसावर तिकडं पाठवता येतं का, हे आधी बघा. व्हिसा नाही मिळाला तर लाडू पार्सलनं पाठवा. रिवाज मोडला म्हणून कुणी नावं ठेवली तर आमच्याकडं पाठवा त्यांना.

आजारपण मात्र तारीख बघून येत नाही. वडिलांना झटका आला, आई दवाखान्यात आहे, अशा वेळी कार्ड लवकर छापून द्या अशी तातडीची विनंती लेक करू शकते. मिळेलच याची हमी नाही, पण मागायची सोय आहे. आणि इथं आपलं काम सुरू होतं, कारण पुरावा गावातून जायचा असतो. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. रुग्णाचं नाव, आजार, किती गंभीर, तारीख, सही, शिक्का. मराठीत असेल तर भाषांतर करावं लागतं आणि त्यात दिवस जातात. दवाखान्यात घाईत कुणी पत्र देत नाही, मागं लागावं लागतं. घरच्यांना सुचत नसेल तर गटातल्या एकीनं त्या कामाला उभं राहावं.

दुसरं, ही त्यांची मुलगी आहे हे सिद्ध व्हायला हवं. आणि इथं आपल्या बायकांच्या नावांचा घोळ! पासपोर्टवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. जन्माच्या नोंदीत नावच नाही, नुसतं "स्त्री" लिहिलेलं. आईचं नाव आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लाडकं नाव तिसरं. "सुमन", "सुमनबाई" आणि "सुमती" ही एकच बाई आहे हे आपल्याला माहीत, तिकडच्या टेबलावरच्या माणसाला कसं कळणार? म्हणून लेक परदेशी असो वा जायची असो, ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढून त्यावर नाव आहे का बघा. लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडं केली नसेल तर करा, कारण माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. या कागदांचे फोटो लेकीच्या मोबाईलवर आजच पाठवून ठेवा. दवाखान्याच्या दारात उभं राहून दाखले शोधायची वेळ नको.

आणि एक मोठं कारण राहिलंच. सही! वारसनोंद आहे, वाटणी आहे, सामाईक जमिनीचा व्यवहार आहे, म्हणून भाऊ बोलावतात, "दोन दिवस ये आणि सही करून जा." प्रत्येक सहीसाठी माणूस यावं लागत नाही. लेक तिकडूनच मुखत्यारपत्र करून देऊ शकते. कॅनडात ओटावाला भारताचं उच्चायुक्तालय आहे, टोरांटो आणि व्हँकुव्हरला वाणिज्य दूतावास आहेत, तिथं साक्षांकन होतं. शिवाय ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपोस्टिलच्या करारात आला आहे, भारत त्यात आधीपासून आहेच. त्यामुळं तिकडच्या नोटरीकडं केलेल्या कागदावर अपोस्टिलचा शिक्का घेऊन तो इकडं वापरता येतो. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं असतं. ते विसरू नका, कारण तीन महिने कसे जातात कळत नाही. मसुदा इथल्या वकिलाकडून आधी तपासून घ्या. आणि लेकीला आमचं सांगणं, कोणत्या कामासाठी, कोणत्या गटनंबरासाठी, ते स्पष्ट लिही. "सर्व अधिकार" असं लिहिलेल्या कागदावर भावाच्या भरवशानं सही करायची नाही. भाऊ चांगला आहे, तरीही.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथला नियम वेगळा आहे आणि कॅनडाची गोष्ट ऐकून अमेरिकेतल्या लेकीला उगाच घाबरवू नका. इथल्या वकिलातीतून कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे इमिग्रंट व्हिसा घेऊन जी पहिल्यांदा जाते, तिच्या पासपोर्टमधल्या त्या व्हिसावर विमानतळावर शिक्का बसतो. तो शिक्का बसलेला व्हिसा एक वर्ष ग्रीन कार्डासारखाच चालतो. म्हणजे कार्ड घरी आलं नसलं तरी ती येऊन परत जाऊ शकते. जी तिथंच राहून कायम झाली आणि कार्ड यायचंय, तिला तिथल्या इमिग्रेशनच्या कचेरीतून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मागता येतो. पण जिचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून मंजूरच झालेला नाही, तिची गोष्ट पूर्ण निराळी. तिनं आधी प्रवासाची परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-वन-बी, एल अशा काही व्हिसावाल्यांना त्यातून सूट आहे, बाकीच्यांना नाही. तेव्हा "ग्रीन कार्डाचं काम चाललंय" एवढ्यावर लेकीला बोलावू नका. अर्ज चाललाय का मंजूर झालाय, हे विचारा.

आणखी एका घराबद्दल सांगायचं आहे. तिथं मुलगी आली नाही. वडील गेले तेव्हा तिचं कार्ड वाटेत होतं. कामावर नुकतीच लागली होती, नवरा शिकत होता, दोघांचं घर तिच्या पगारावर. तिनं अंत्यविधी मोबाईलवर बघितला. आई काही बोलली नाही. पण दहाव्याला आलेल्या बायका बोलल्या, "कार्ड बापापेक्षा मोठं झालं का?" आम्ही तिथं होतो. आम्हाला हे अजिबात पटलं नाही. त्या मुलीनं तिकडं बंद खोलीत एकटीनं रडून दुसऱ्या दिवशी कामावर हजेरी लावली, हे आईलाच माहीत. ती आली असती तरी ते चुकीचं नव्हतं. आठवडे गेले असते, पैसे गेले असते, नोकरीही गेली असती कदाचित, पण पीआर गेली नसती. हा हिशेब तिचा तिनं करायचा. आपण फक्त खरी माहिती द्यायची, आणि नंतर ती आल्यावर तिच्या ताटात टोमणे वाढायचे नाहीत. ती वर्षश्राद्धाला आली, कार्ड घेऊन आली. चार आठवडे आईपाशी राहिली.

एजंटांबद्दल एकच. "कार्ड आठ दिवसांत आणून देतो, पन्नास हजार द्या" असं कुणी म्हणालं तर समजा तो कार्ड नव्हे, पन्नास हजार नेणार आहे. नियम आणि किती दिवस लागतात ते त्या त्या सरकारच्या वेबसाइटवर असतं, ते बदलतही राहतं. लेकीला तिकीट काढायच्या दिवशी ते पुन्हा बघायला सांगा. आमचं भाषण दाखवून काउंटरवर कुणी सोडणार नाही.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. कुणाकुणाची लेक, सून, मुलगा बाहेर आहे, ते विचारा आणि त्यांच्या घरी जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला आहे का ते पाहा. नसेल तर ग्रामपंचायतीत एकटीला पाठवू नका, चौघी मिळून जा. मुखत्यारपत्राबद्दल पुष्कळ प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुढच्या मंगळवारी याच वेळी तालुक्याच्या वकीलताईंना घेऊन येतोय. प्रश्न सहयोगिनीकडं लिहून द्या. नाव घातलं नाही तरी चालेल.